मुलांची जादुई रहस्यकादंबरी मोठेपणी : गुन्हेगार आधीच कळला, तर वाचायचं काय?

पानखूण

साधारण ८ ते १२ वयाच्या मुलांसाठी लिहिलेल्या, जादूच्या जगात घडणाऱ्या रहस्यकादंबऱ्यांबद्दल विचारायचं आहे. अडीचशे-तीनशे पानांचं पुस्तक, तीन-चार मुलं, एखादी जुनी वास्तू किंवा शाळा, काहीतरी हरवलेलं किंवा कोणीतरी नाहीसं झालेलं, आणि शेवटी उलगडा.

मोठ्या माणसाने हे पुस्तक हातात घेतलं की तीन ठिकाणी अडतं. एक म्हणजे गुन्हेगार पहिल्या शंभर पानांतच ओळखू येतो. पात्रं मोजकी असतात. जो उगाच खेकसतो तो निर्दोष निघणार आणि जो विनाकारण मदतीला येतो त्याच्यात काहीतरी पाणी मुरतंय, हे लगेच जाणवतं. दुसरं, उलगडा जादूने होतो. ऐनवेळी असा एखादा मंत्र किंवा वस्तू पुढे येते, की आधीचा सगळा तर्क वाया गेल्यासारखा वाटतो. तिसरं, जेवणाची वर्णनं, मुलांची भांडणं, थट्टामस्करी ही पानं भराभर उलटली जातात.

या प्रकाराची वाचायची काही वेगळी रीत आहे का? नोंदी ठेवाव्यात का, आणि त्यात काय टिपावं? अनुवाद वाचला तर कोड्याचं नुकसान होतं का? ‘लहान मुलांचं आहे, चालायचंच’ अशी सूट देऊन मात्र वाचायचं नाहीये.

---

उंबरठा

सूट देऊच नका, कारण सूट दिली की कोडं सोडवायची जबाबदारीही आपण झटकून टाकतो. (खाली हॅरी पॉटर मालिकेतली उदाहरणं आहेत. पहिली तीन पुस्तकं वाचायची असतील तर हा प्रतिसाद नंतर वाचा.)

या पुस्तकांत एकात एक अशी दोन कोडी असतात. ‘हे कोणी केलं’ हे बाहेरचं, आणि ‘या जगात काय शक्य आहे, काय नाही’ हे आतलं. दहा वर्षांच्या वाचकाला बाहेरचं कोडं अवघड आणि आतलं सोपं जातं, कारण जादूचे नियम तो गंभीरपणे घेतो आणि लक्षात ठेवतो. आपलं नेमकं उलटं होतं. गुन्हेगार आपण कथेच्या घडणीवरून ओळखतो, पुराव्यावरून नाही. ‘हे पात्र इतक्या वेळा आलं म्हणजे त्याचं काहीतरी काम असणार’ हे लेखकाच्या सवयीबद्दलचं अनुमान झालं, तपास झाला नाही. म्हणून नाव बरोबर आलं तरी समाधान मिळत नाही.

रहस्यकथालेखक रॉनल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये गुप्तहेरकथेचे दहा नियम मांडले. त्यातला दुसरा नियम सगळं अलौकिक बाद करतो आणि तिसरा एकाहून जास्त गुप्त खोली किंवा भुयार चालणार नाही असं म्हणतो. या हिशेबाने मुलांची जादुई रहस्यकथा पहिल्याच प्रकरणात बाद व्हावी. पण नॉक्स यांचा आक्षेप ऐनवेळी टोपीतून काढलेल्या उत्तराला होता. वाचकाला आधी दाखवला नाही असा धागा वापरायचा नाही, हे त्यांच्याच आठव्या नियमाचं सार. जादू नियमाने बांधलेली असेल आणि तो नियम आधी दाखवलेला असेल तर खेळ चोख राहतो. फॅंटसी लेखक ब्रॅंडन सॅंडरसन यांनी २००७ मध्ये हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने मांडली: जादूने पेच सोडवायची लेखकाला किती मोकळीक, हे वाचकाला ती जादू किती समजली आहे त्यावर ठरतं.

आता नोंदींचं. नोंदी पात्रांच्या नकोत, नियमांच्या ठेवा. वहीचं एक पान पुरतं. जादूचा कुठलाही नियम आला की तीन गोष्टी टिपायच्या: नियम काय, तो वापरायची किंमत काय (दमणूक, वेळ, वस्तू, शब्द), आणि तो कोणी सांगितला. तिसरा रकाना कधीही गाळू नका. प्रत्यक्ष घडताना दिसलेला नियम पक्का. शिक्षकाने सांगितलेला जवळपास पक्का, पण त्यात अपवाद गाळलेला असू शकतो. दुसऱ्या मुलाने ‘म्हणे’ लावून सांगितला तर तो कच्चाच धरायचा. ‘बंद दारातून कोणीच येऊ शकत नाही’ हे वाक्य कोणाच्या तोंडी आहे याच्यावर अर्धं पुस्तक उभं असतं. पुष्कळदा गुन्हेगार याच कच्च्या नियमाच्या फटीतून गेलेला असतो. अडीचशे पानांच्या पुस्तकात असे दहा-पंधरा नियम निघतात. फारच जास्त निघाले तर लेखकाने जग सैल ठेवलंय असं समजा आणि कोडं सोडवण्याचा आग्रह सोडून नुसती गोष्ट वाचा.

जेवणाची आणि थट्टेची पानं उलटू नका, कारण धागे तिथेच पुरलेले असतात. मुलांसाठी लिहिणाऱ्याला धागा लपवायला जागा थोडी असते. लांबलचक चौकश्या, साक्षी, कागदपत्रं चालत नाहीत. मग उरतात विनोद, खाणं आणि कंटाळवाणा अभ्यास. तिसऱ्या हॅरी पॉटरमध्ये (१९९९) हॅरीची मैत्रीण हर्मायनी हिच्या वेळापत्रकात सकाळी नऊला एकाच वेळी तीन विषयांचे वर्ग आहेत. त्यांचा मित्र रॉन ते मोठ्याने वाचतो आणि तिची चेष्टा करतो. ती एकावेळी तीन वर्गांत कशाला असेन म्हणून त्याला उडवून लावते आणि मार्मालेड मागते. ती खरंच काळात मागे जाऊन तिन्ही वर्गांना बसत असते, म्हणजे उलगड्याची किल्ली सरळ टेबलावर ठेवलेली असते. आपण हसतो आणि पुढे जातो.

त्याच पुस्तकात दुकानातली बाई सांगते की साधा उंदीर तीनेक वर्षांपलीकडे जगत नाही. रॉनचा उंदीर तर आधी मोठ्या भावाकडे होता, म्हणजे वय उघडच जास्त. त्याच्या एका पायाचं बोट नाही हेही तिथेच दिसतं. हा उंदीर म्हणजे रूप बदललेला माणूस आहे, याचे हे धागे. पण संभाषण उंदराच्या औषधाचं चाललेलं असतं, त्यामुळे वाचक ‘आजारी आहे’ एवढंच लक्षात ठेवतो. इथे मोठ्या वाचकाला खरं तर फायदा आहे, कारण उंदराचं आयुष्य किती हे त्याला बाहेरूनही माहीत असतं. तरी तो चुकतो, कारण जादूच्या जगात आपल्या जगाचे नियम लागू नसतील असं तो परस्पर ठरवून बसतो. जिथे वेगळं सांगितलेलं नाही तिथे आपल्या जगाचाच नियम चालू धरायचा, हा पायाच समजा.

---

शेवटचंपान

नियमांची वही मला पटते, पण पहिल्या वाचनात नाही. हातात पेन असलं की प्रत्येक वाक्य पुरावा वाटायला लागतं आणि जगात शिरणंच होत नाही. या प्रकारात वातावरणाचं वजन मोठं आहे. धुकं, जिने, बंद दालन, रात्रीची गस्त या सगळ्यांची भीती वाटलीच नाही तर कोडं नुसतं गणित उरतं.

त्याऐवजी एकदाच थांबा, पण योग्य जागी. एलरी क्वीन या नावाने लिहिलेल्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत उलगड्याच्या आधी वाचकाला जाहीर आव्हान असे: सगळे धागे आता तुमच्यापुढे आहेत, उत्तर सांगा. मुलांच्या पुस्तकांत असं पान सहसा नसतं, ते आपणच घालायचं. ती जागा ओळखता येते. एखादा मोठा माणूस मुलांना तपास थांबवायला सांगतो, किंवा मुलांचं आपसांत भांडण होऊन एकटं मूल पुढे निघतं. हे साधारण ७० ते ७५ टक्क्यांवर येतं, म्हणजे २८० पानांच्या पुस्तकात दोनशेव्या पानाच्या आसपास. त्यानंतर पळापळ सुरू होते आणि नवा धागा क्वचितच मिळतो.

तिथे पुस्तक मिटून तीन ओळी लिहायच्या. कोण. कसं. कुठल्या नियमाच्या आधारे. नुसतं ‘कोण’ लिहून तिसरी ओळ कोरी राहिली तर कोडं सुटलेलं नाही. पानखूण यांनी म्हटलेलं ‘शंभर पानांत कळतं’ हे बहुतेक वेळा पहिल्या ओळीपुरतंच असतं.

---

पानखूण

दोघांचेही आभार. ‘कोणी सांगितलं’ हा रकाना डोक्यातच आला नव्हता.

पण एक शंका राहते. समजा तिसरी ओळ कोरी राहिली आणि पुढे उलगडा जादूनेच झाला. मग चूक वाचकाची की लेखकाने फसवलं, हे ठरवायचं कसं?

---

उंबरठा

मागे जाऊन पडताळायचं. ज्या नियमाने उलगडा झाला तो आधी कुठे आला होता ते शोधा. तो दुसऱ्याच, किरकोळ कामासाठी वापरताना दाखवला असेल तर लेखक पूर्ण बरोबर आणि आपण हरलो. नुसता बोलण्यात आला असेल तरी चालेल, पण तो उलगड्याच्या बऱ्याच आधी हवा. दहा पानं आधी घाईने घुसवलेला नियम म्हणजे संपादकाने टोकल्यावर घातलेलं ठिगळ. कुठेच नसेल तर फसवणूक, आणि ती मुलांचीही फसवणूक आहे, नुसती आपली नाही.

पहिल्या हॅरी पॉटरमध्ये (१९९७) निकोलस फ्लॅमेल कोण हे मुलं ग्रंथालयात आठवडेच्या आठवडे शोधतात. ते नाव सहाव्या प्रकरणात, आगगाडीत खाऊसोबत आलेल्या कार्डाच्या मागे, मुख्याध्यापक डम्बलडोरच्या माहितीत छापलेलं असतं. तेराव्या प्रकरणात तसंच कार्ड पुन्हा हाती येतं तेव्हा आठवण होते. मधल्या सहा प्रकरणांत वाचकाकडे उत्तर होतं आणि मुलांकडेही होतं. चोख खेळ म्हणतात तो हा.

आणखी एक भेद करा. जादूने सुटका होणं वेगळं आणि उलगडा होणं वेगळं. उत्तर तर्काने मिळालं आणि मग कोंडलेल्या खोलीतून बाहेर पडायला अनपेक्षित मदत आली, तर ते साहसकथेचं अंग आहे, त्यावर फार भांडू नये. पण आरसा, भविष्यवाणी किंवा बोलका पक्षी येऊन गुन्हेगाराचं नाव सांगत असेल, तर पुस्तकाने आपलंच कोडं मोडलं.

---

दोन_भाषा

अनुवादाच्या प्रश्नावर. नुकसान होतं, पण कुठे होतं हे माहीत असलं तर सावध राहता येतं. (दुसऱ्या, सहाव्या हॅरी पॉटरचा रहस्यभेद खाली आहे.)

पहिली धोक्याची जागा म्हणजे नावांतली अक्षरं. दुसऱ्या पुस्तकात (१९९८) टॉम मार्व्होलो रिडल या नावातली अक्षरं फिरवून वेगळंच वाक्य बनतं. ते दुसऱ्या भाषेत जसंच्या तसं जमणं शक्य नाही, म्हणून अनुवादकांनी नावच बदललं. फ्रेंचमध्ये त्याचं मधलं नाव चक्क एल्विस आहे आणि आडनाव झेद्युझॉर. अशा ठिकाणी अनुवादात नाव विचित्र वाटलं तर ते विचित्रपणच धागा असतं.

उलटही घडतं. सहाव्या पुस्तकात (२००५) एका चिठ्ठीखाली फक्त ‘आर. ए. बी.’ ही आद्याक्षरं आहेत. ती लिहिणारा मालिकेतल्या ज्या कुटुंबातला, त्याचं आडनाव ब्लॅक. डच अनुवादात ते आधीपासून झ्वार्ट्स केलेलं होतं, म्हणून चिठ्ठीवर शेवटचं अक्षर ‘झेड’ आलं. नॉर्वेजियनमध्ये आडनाव स्वार्ट, तिथे ‘एस’ आलं. दोन्ही भाषांतली पुस्तकं शेजारी ठेवणाऱ्यांना २००७ मध्ये शेवटचं पुस्तक यायच्या आधीच उत्तर मिळालं. म्हणजे एखादी मालिका अर्धी प्रसिद्ध असेल आणि दोन भाषा येत असतील, तर अनुवाद हा तपासाचा कायदेशीर मार्ग आहे!

मराठीपुरतं सांगायचं तर खरी अडचण व्याकरणात आहे आणि ती फार मजेची आहे. इंग्रजीत बुरखा घातलेली व्यक्ती हसते, पळते, थांबते, तरी बाई की पुरुष कळत नाही. मराठीत ‘पळाला’ म्हटलं की अर्धे संशयित बाद. पण सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माप्रमाणे चालतं, म्हणून ‘कोणीतरी चिठ्ठी सरकवली’, ‘कोणीतरी दिवा विझवला’ यात करणारा झाकला जातो. अकर्मक क्रियापद आलं की अनुवादकाला ‘कोणीतरी पळालं’, ‘पावलं वाजली’, ‘आवाज आला’ असं फिरवावं लागतं. एखाद्या प्रसंगात अशी वळणं ओळीने आली तर समजा की मूळ लेखकाने ओळख लपवली आहे आणि अनुवादक ती जपतोय. आणि चुकून एखादा ‘म्हणाली’ सुटला असेल तर तोही दिसतो.

‘तू’ आणि ‘तुम्ही’चंही तसंच. मुखवट्यामागची व्यक्ती मुख्याध्यापकाला ‘तू’ म्हणते की ‘तुम्ही’, हे अनुवादकाला ठरवावंच लागतं, आणि ते ठरवताना त्याला उत्तर माहीत असतं. म्हणून अनुवादातल्या संबोधनाला पुरावा मानताना एकदा विचार करा. नातं मूळ लेखकाने सांगितलं असेलच असं नाही, ते मराठीने सांगितलेलं असू शकतं.

आवृत्ती निवडताना संक्षिप्त आवृत्ती अजिबात घेऊ नका. संक्षेप करणारा सगळ्यात आधी थट्टा आणि जेवणच कापतो, आणि वर उंबरठा यांनी सांगितलंच आहे की तिथे काय असतं. चित्रं असलेली आवृत्ती मिळाली तर चित्रं मजकुरानंतर बघा. चित्रकाराने प्रसंगातली वस्तू नेमकी काढली असेल तर डोळा आधी तिथेच जातो आणि धागा फुकट हाती लागतो.

---

गवाक्ष

एक बाजू राहिली, ती मोठ्या वाचकाची स्वतःची आहे. मूल पाहतं ते सगळं त्याला समजतं असं नाही, आणि चांगला लेखक या दरीतच रहस्य ठेवतो. निवेदन मुलाच्या नजरेचं असतं. आई फोन ठेवून गप्प बसली, शिक्षिकेने प्रश्न टाळला, दोन शेजारी एकमेकांकडे बघायचे थांबले. मूल हे नुसतं सांगून पुढे जातं. आपल्याला त्यात पैशाची चणचण, जुनं प्रेम किंवा अपराधीपणा ऐकू येतो. या वाचनात आपण मुलापेक्षा हुशार असल्याचा आनंद नाही, त्या मुलाची काळजी वाटण्याचा आहे. दहाव्या वर्षी हे मिळतच नाही.

डायाना विन जोन्स यांच्या ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’मध्ये (१९८६) सोफी टोप्या शिवता शिवता त्यांच्याशी बोलते, कुठल्या टोपीचं नशीब काय ते सांगते. पुढे त्या टोप्या घेणाऱ्यांचं तसंच होतं. तिच्यात जादू आहे हे पहिल्याच प्रकरणात दिसतं. तिला स्वतःला ते बऱ्याच उशिरा, तेही दुसऱ्या कोणाकडून कळतं. ‘आपल्याला काही जमणार नाही’ असं धरून बसलेल्या माणसाला स्वतःच्या हातचं दिसत नाही, हे रहस्य कुठल्या गुन्हेगाराचं नाही. त्याच पुस्तकात जॉन डन यांची खरी कविता शापाचं काम करते. ती ओळखणारा मोठा वाचक तिच्या प्रत्येक ओळीला ‘आता हेही खरं होणार’ म्हणून वाट बघत बसतो.

एक प्रश्न प्रत्येक पुस्तकाला विचाराच: मुलं हे मोठ्यांना सांगत का नाहीत? इथे बरीच पुस्तकं कोलमडतात. ‘कोणी विश्वास ठेवणार नाही’ हे एकदा चालतं, तेही आधी सांगून पाहिलं आणि विश्वास बसला नाही असं दाखवलं असेल तरच. सांगितलं तर कोणाला तरी इजा होईल, सांगायची व्यक्तीच संशयित आहे, किंवा जादूच्या नियमाने जीभ बांधली आहे, ही कारणं भक्कम. कारणच नसेल तर पुढची दीडशे पानं एका संभाषणाने मिटली असती, हे सतत टोचत राहतं.

सुरुवात कुठून करावी असं कोणी विचारलं तर रेबेका स्टेड यांचं ‘व्हेन यू रीच मी’ (२००९, पुढच्या वर्षी न्यूबेरी पदक हा अमेरिकेतला बालसाहित्याचा पुरस्कार). सुमारे २०० पानं, प्रकरणं अगदी छोटी, काळ १९७८-७९. निनावी चिठ्ठ्या येतात आणि पुढे काय घडणार ते त्यांत असतं. यातला अद्भुताचा नियम कुठेही भाषणासारखा सांगितलेला नाही. दोन मुलं एका जुन्या कादंबरीवर वाद घालतात: त्यातली मुलं निघाली त्याच्या पाच मिनिटं आधी परत आली, तर निघताना त्यांना स्वतःचं परत येणं दिसायला हवं होतं की नाही? हा वाद पोरकट म्हणून ओलांडला तर शेवट आकाशातून पडल्यासारखा वाटेल. त्या पानावर रेंगाळा, कागदावर रेघ ओढून कोण कधी कुठे होतं ते मांडा. मग शेवटच्या तीस पानांत प्रत्येक चिठ्ठी आपल्या जागी बसते.

वेगाबद्दल: एका बैठकीत तीन-चार प्रकरणं, आणि सगळं पुस्तक आठवड्याच्या आत. ही पुस्तकं एका दमात संपतात, पण मग विनोदात दडलेला धागा मुरत नाही. फार लांबवलं तर वेळापत्रकासारखी बारीक गोष्ट विसरली जाते आणि दोष लेखकाला जातो.

दुसरं वाचन करणार असाल तर सगळं पुस्तक वाचायची गरज नाही. गुन्हेगाराचं पहिलं आगमन आणि तो मुलांशी एकटा बोलतो असे दोन प्रसंग, एवढं पुरे. प्रत्येक वाक्य दोनदा वाचा, एकदा मुलाला कळलेल्या अर्थाने आणि एकदा खऱ्या अर्थाने. चांगल्या पुस्तकात तो कुठेही सरळ खोटं बोललेला सापडत नाही, फक्त प्रश्नाला लागून असलेलं दुसरंच खरं उत्तर देतो.